घड्याळाशेजारी एक खिळा

माझी आतेबहीण मुंबईत काळाचौकीला राहते. पुनर्विकासात मिळालेलं ३०० चौरस फुटांचं घर, नववा मजला. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, मध्ये न्हाणीघर. गेल्या जूनमध्ये तिचा फोन आला. "अरे, वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण पोराचं लेक्चर लागलं की सरांचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. दुकानदार म्हणतोय सहा अँटेनांचा राउटर घ्या. घेऊ का?" मी म्हटलं, "ताई, रविवारी येतो. तोवर काही घेऊ नकोस."

रविवारी तिच्या दिवाणावर बसून फोनमधली नेटवर्कची यादी उघडली आणि नावं मोजली. ३७ भरली. तिचा स्वतःचा राउटर दाराशेजारी चपलांच्या लोखंडी कपाटावर, पुठ्ठ्याच्या खोक्यामागे दडलेला होता, कारण जोडणी करणाऱ्या मुलाला वायर तिथवर आणणं सोपं गेलं होतं. आम्ही नवीन राउटर घेतला नाही. आहे तोच डबा हलवला, दोन-तीन सेटिंग बदलल्या, टीव्हीला एक वायर लावली. दुपारच्या जेवणाआधी काम उरकलं. काय केलं आणि का केलं ते सविस्तर सांगतो, कारण मुंबई, ठाणे, पुण्यातल्या वन रूम किचनमध्ये हाच गोंधळ मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

लहान घरात वाय-फायची ताकद सहसा कमी पडत नाही. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत सगळ्यांत स्वस्त राउटरच्या लहरीही चारही कोपऱ्यांत पोचतात आणि भिंत ओलांडून शेजारीही जातात. शेजाऱ्याच्या लहरी तशाच तुमच्याकडे येतात, आणि अडचण इथेच आहे. वाय-फायचं यंत्र बोलण्याआधी ऐकतं. त्याच चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या त्याच पट्ट्यावर, दुसरं कोणी बोलत असेल, मग ते तुमच्या घरातलं असो की वरच्या मजल्यावरचं, तर ते थांबतं आणि आपली पाळी आली की बोलतं. चाळीतला सार्वजनिक नळ आठवा. नळाला पाणी भरपूर आहे, तुमची कळशीही मोठी आहे, पण पुढे बारा हंडे लागले आहेत. फोनवरच्या दांड्या एवढंच सांगतात की तुम्ही नळाच्या किती जवळ उभे आहात. रांग किती लांब आहे हे त्यांच्यावरून कळत नाही. सहा अँटेनांचा राउटर म्हणजे आणखी मोठी कळशी, आणि कळशी मोठी आणली म्हणून नंबर लवकर लागत नाही.

म्हणून लहान घरात तीन गोष्टींकडे आधी बघायचं: डबा कुठे ठेवला आहे, तो कोणत्या चॅनेलवर बोलतो आणि कोणती यंत्रं हवेतून काढून वायरीवर टाकता येतील. राउटर बदलण्याचा विचार त्यानंतर.

नवीन जोडणी घेणाऱ्यांसाठी आधी प्लॅनबद्दल थोडं. जाहिरातीतले १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात आणि फोनमधली फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस लागतात, टीव्हीवर चांगल्या दर्जाच्या चित्रपटाला पाचच्या आसपास, फोर-केला पंधरा ते पंचवीस. चार माणसांच्या घराला ५० एमबीपीएस पुरतात, १०० मध्ये ऐसपैस भागतं. लहान घरात ३०० चा प्लॅन घेऊन वाय-फाय सुधारेल अशी आशा ठेवू नका. अडलेलं असतं ते शेवटच्या दहा फुटांत, कंपनीच्या तारेत नव्हे.

प्लॅन घेताना केबलवाल्याला किंवा कंपनीच्या माणसाला काही प्रश्न सरळ विचारा. डबा दोन बँडचा आहे का, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालतो का? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. 'फुकट राउटर' म्हणून अजूनही काही ठिकाणी एकाच बँडचा डबा गळ्यात मारला जातो, आणि गर्दीच्या इमारतीत तो जवळपास निरुपयोगी. मग विचारा की त्याची पोर्ट गिगाबिटची आहेत का. जुन्या १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून २०० चा प्लॅन वायरीवर १०० च्या वर जाऊच शकत नाही. अपलोडचा वेग डाउनलोडइतकाच आहे ना, सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरला आहे ना, डबा परत दिला तर अनामत किती दिवसांत मिळेल, हेही विचारून घ्या. 'अमर्याद' लिहिलेल्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीसारखी मर्यादा असते. साध्या घराचा वापर तिच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे त्याची काळजी करू नका.

इमारतीत फायबर येत असेल तर फायबरच घ्या. गच्चीवरून गच्चीवर ओढलेल्या तांब्याच्या लॅन केबलवर जोडणी देणारे केबलवाले अजून आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर विजा चमकतात तेव्हा या लांब तारांमध्ये दाब उसळतो आणि राउटरचं पोर्ट जळतं. फायबर काचेचं असतं, त्यातून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून हा धोका त्या तारेतून घरात येत नाही. सोसायटीनं फायबरला परवानगी दिलेली नसेल, किंवा वस्तीतली गल्ली इतकी अरुंद असेल की तारच येत नाही, तर ५-जी वरून घरात इंटरनेट देणाऱ्या जोडण्या २०२३ पासून मुंबई-पुण्यात मिळतात. खिडकीच्या ग्रिलबाहेर किंवा गच्चीवर त्यांचं यंत्र बसतं. चालतात बऱ्या, पण टॉवरवर गर्दी झाली की संध्याकाळी वेग उतरतो. फायबर मिळत असताना त्या घेऊ नयेत असं माझं मत आहे.

जोडणीच्या दिवशी घरातल्या जाणत्या माणसानं हजर राहावं. तो दिवस एकदाच येतो, आणि पुढची पाच वर्षं त्या दिवशी ठरतात. मुलाला दिवसात सहा-सात घरं करायची असतात. तार दारातून आत आली की तिथेच डबा टांगून तो पुढे जाणार, आणि त्यात त्याची चूक नाही. आपण जागा आधी ठरवून ठेवायची, चहा द्यायचा आणि सांगायचं की तार इथवर आणून दे, वर दोन-तीन मीटर गुंडाळून ठेव. ही जादा तार फार कामाची. पुढे कपाट हललं, रंगकाम निघालं, उंदरानं टोक कुरतडलं, तरी नवीन तार ओढावी लागत नाही. गुंडाळी मात्र कपबशीतल्या बशीएवढी ठेवा, त्याहून घट्ट नको. फायबरची तार काटकोनात दुमडली, दाराच्या फटीत दाबली किंवा खिळ्यानं ठोकली की प्रकाश वाकणावर बाहेर सांडतो आणि जोडणी कधी चालते, कधी नाही, असा न सापडणारा दोष तयार होतो. भिंतीवरून नेताना प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून न्या. पट्टी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तारेचं टोक निघालं तर त्यात डोळा लावून पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आता जागा. इथे थोडा वेळ द्या, कारण अर्ध्याहून अधिक घरांत एवढ्यानंच भागतं.

मी लोकांना एक साधी खूण सांगतो. घरात भिंतीवरचं घड्याळ कुठे लावलं आहे ते बघा. घड्याळाची जागा निवडताना कोणी गणित केलेलं नसतं, पण ती जागा अशी असते की दिवाणावरून, ओट्यापाशी उभं राहून, टेबलावरून मान वळवली की दिसते. डोक्यापेक्षा उंच, मध्ये कपाट नाही, आडवं काही नाही. राउटरला हेच हवं असतं. बहुतेक राउटरच्या पाठीला दोन भोकं असतात, ती खिळ्यावर किंवा स्क्रूवर अडकवण्यासाठीच. घड्याळाशेजारी एक खिळा ठोका आणि डबा तिथे टांगा. भाड्याचं घर असेल आणि मालक खिळा ठोकू देत नसेल, तर उंच लाकडी फळी किंवा पुस्तकांच्या मांडणीचा वरचा कप्पा चालतो.

कुठे ठेवू नये, याची यादी आपल्या घरांच्या सवयींवरूनच करता येते. लोखंडी कपाटाच्या आत, मागे किंवा टेकून नको. पत्र्याचं कपाट लहरींना भिंतीपेक्षा जास्त अडवतं. ताईकडे अर्धं दुखणं हेच होतं. फ्रिजवर नको, तोही पत्राच. टीव्हीच्या मागे नको, तिथे पत्रा आणि उष्णता दोन्ही. मोठ्या आरशामागे नको, आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो. पाण्याच्या पिंपाशेजारी किंवा माशांच्या टाकीमागे नको, पाणी या लहरी शोषून घेतं. पोटमाळ्यावर, जुन्या पातेल्यांच्या गराड्यात तर मुळीच नको. मायक्रोवेव्ह ओव्हनपासून दोन-तीन हात दूर ठेवा. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्यातून थोडी जरी गळती झाली तरी २.४ च्या बँडवर जेवण गरम होईपर्यंत गोंगाट माजतो. देव्हाऱ्याची फळी उंच आणि मध्यावर असते म्हणून काहीजण तिथे ठेवतात, पण समईची ऊब आणि उदबत्तीची राख डब्याला सोसत नाही. आणि विणलेला रुमाल किंवा प्लास्टिकचं कव्हर घालू नका. डबा चोवीस तास गरम असतो, त्याची भोकं मोकळी राहू द्या.

बाहेर अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवा. अँटेनाच्या टोकातून लहरी फारशा निघत नाहीत, त्या बाजूंना पसरतात, मेदुवड्याच्या आकारात. उभी अँटेना घरभर आडवी पसरते. आडवी पाडलेली अँटेना तुमची लहर वरच्या आणि खालच्या मजल्यावर पाठवते.

खिळा ठोकण्याआधी एक दिवस तपासून बघा. एक्स्टेंशन बोर्ड लावून डबा नव्या जागी स्टुलावर उंच ठेवा आणि फोन घेऊन घरभर फिरा. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारची फुकट ॲप मिळतात, त्यांत सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त, उणे ७५ च्या पुढे गेला की अडखळणार. दिवाण, अभ्यासाचं टेबल, ओटा, एवढ्या तीन ठिकाणचे आकडे कागदावर लिहा. दरवाजे रोज बंद असतात ते बंद करूनच मोजा.

घरातली ज्येष्ठ माणसं एक गोष्ट हमखास विचारतात, उशाशी राउटर आला तर अपाय होतो का? वाय-फायच्या राउटरची प्रक्षेपणाची शक्ती एका वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, आणि या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींचे रेणू मोडणाऱ्या नाहीत. तरी मन राखायला डबा उशापासून हातभर दूर टांगता येतो, त्यानं वाय-फायचं काही बिघडत नाही.

आता चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर भारतात १३ चॅनेल आहेत, पण ती एकमेकांवर चढलेली असतात. दोन चॅनेलमध्ये अंतर पाच मेगाहर्ट्झचं, आणि एक नेटवर्क व्यापतं वीस. म्हणून एकमेकांना न लागणारी चॅनेल व्यवहारात तीनच धरतात, १, ६ आणि ११. कोणी ३ वर बसलं तर ते १ वाल्याला आणि ६ वाल्याला दोघांनाही त्रास देतं, रांगेत न लागता मध्येच हंडा घुसवणाऱ्यासारखं. आपण या तिन्हींतलंच एक घ्यावं. ॲपमध्ये बघायचं, तिन्हींपैकी कुठे मोठ्या आवाजाची नावं कमी आहेत, आणि ते निवडायचं. चॅनेलची रुंदी वीस मेगाहर्ट्झच ठेवा. चाळीस केली तर कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण तुम्ही दोन रांगा अडवता आणि दोन्ही रांगांच्या गर्दीत अडकता.

खरी सुटका ५ गिगाहर्ट्झवर आहे. याबद्दल लोक एक तक्रार करतात की ५ चा सिग्नल भिंत ओलांडत नाही. लहान घराला तो दोष नसून वरदान आहे. तुमची बाहेरची खोली पंधरा फुटांची, तिथे तो आरामात पुरतो. आणि शेजाऱ्याचा ५ चा सिग्नल मधल्या भिंतीतच मंदावतो, म्हणून तुमच्या खोलीत रांगच लहान होते. शिवाय या बँडवर जागा खूप आहे. २०१८ साली भारतात या बँडचे आणखी पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे झाले. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ ही चॅनेल बहुतेक राउटरवर मिळतात. बरेच डबे ३६ वरच बसवून येतात, तेव्हा ॲपमध्ये बघून तुम्ही १४९ ला जा, नाही तर उलट. मधली ५२ ते १४४ ही चॅनेल मोकळी दिसतील, पण ती हवामानाच्या काही रडारांसारख्या यंत्रांबरोबर वाटून घेतलेली आहेत. रडारचा सुगावा लागला की राउटरला ती तत्काळ सोडावी लागतात आणि नेट मिनिटभर तुटतं. मुलाखत किंवा परीक्षा घरातून देणाऱ्यांनी ती टाळावीत. रुंदी ८० मेगाहर्ट्झ चालेल. इमारत फार दाट असेल तर ४० वर आणा, वेगाचा आकडा घटेल पण अडखळणं थांबेल.

ही सेटिंग बदलायची कशी? फोन त्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकायचा. नेमका पत्ता, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड डब्याच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर असतो. भिंतीवर टांगण्याआधी त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. काही कंपन्या हे पान ग्राहकाला उघडू देत नाहीत, तिथे ग्राहक सेवेला फोन करून चॅनेल बदलून मागता येतं. आत गेलात की दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या. एकच नाव असेल तर जुना फोन सवयीनं २.४ ला जाऊन चिकटतो. वेगळी नावं असली की आपण ठरवतो. फोन आणि लॅपटॉप ५ वर, आणि प्रिंटर, स्मार्ट बल्ब, दारातला कॅमेरा २.४ वर. यांतली बहुतेक स्वस्त यंत्रं फक्त २.४ ओळखतात, म्हणून तो बँड बंद करून टाकू नका. प्रक्षेपणाची शक्ती कमी करायची सोय असेल तर ती मध्यम करा. तुमच्या खोलीत फरक पडणार नाही आणि शेजाऱ्याची रांग कमी होईल.

जे यंत्र जागचं हलत नाही त्याला वायर द्या. लहान घरात टीव्ही राउटरपासून दहा-बारा फुटांवर असतो. दहा मीटरची कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल दोन-चारशे रुपयांत येते आणि तीच केसिंग पट्टी तिला पुरते. टीव्हीवर रोज संध्याकाळी तीन तास मालिका आणि सामने चालतात. तो हवेतून वायरीवर गेला की घरातल्या प्रत्येक फोनला तेवढी मोकळीक मिळते. घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉपही वायरीवर घ्यावा. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा छोटा जोड मिळतो. हे मी फार आग्रहानं सांगतो, कारण लोक राउटरवर पाच हजार घालायला तयार होतात आणि चारशेच्या वायरीला 'भिंत खराब दिसते' म्हणून नाही म्हणतात.

इतकं करूनही स्वयंपाकघरात सिग्नल पडत असेल, मध्ये काँक्रीटची भिंत किंवा टाइल्सचं न्हाणीघर असेल, तर सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर शेवटचा उपाय समजा. साधा रिपीटर आलेली प्रत्येक गोष्ट त्याच चॅनेलवर दुसऱ्यांदा बोलतो, म्हणजे रांगेत तुमचाच माणूस दोनदा उभा. त्यापेक्षा कपाटात पडलेला जुना राउटर काढा. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी नावाचं सेटिंग बंद करा, आणि मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून एक वायर याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. इंटरनेटचं, वेगळ्या रंगाचं पोर्ट रिकामंच ठेवा. नाव-पासवर्ड तेच, चॅनेल वेगळं. दोन खोल्यांच्या घराला एकमेकांशी जोडलेल्या राउटरांचा, दहा-पंधरा हजारांचा मेश संच लागत नाही.

विजेचा विचार पुणे, नाशिक, कोकणातल्या वाचकांनी विशेष करावा. वीज गेली तरी फायबरची जोडणी बहुधा जिवंत असते, फक्त आपला डबा बंद पडतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास काढतो. घेताना ॲडाप्टरवरचे आकडे बघा, बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. काही जोडण्यांत फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असतो, तिथे दोघांनाही यूपीएसवर घ्यावं लागतं. चोवीस तास चालू राहणारा आठ वॅटचा राउटर महिन्याला साधारण सहा युनिट खातो, तेव्हा रात्री बंद करायचा की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पासवर्डच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं जबाबदारी घेणारा ई-मेल वृत्तवाहिन्यांना गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून. पोलीस आधी त्या घरात पोचले, कारण जोडणी तिथल्या नावावर होती. तुमच्या जोडणीवरून जे होतं त्याचा पहिला जाब तुम्हाला विचारला जातो. म्हणून सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते, नाही तर डब्ल्यूपीए-२ निवडा. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा ठेवा, मोबाईल नंबर किंवा मुलाचं नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले की लक्षातही राहतात आणि कोणाला ओळखताही येत नाहीत. बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करा, तिच्यातली फट २०११ पासून जगजाहीर आहे. सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्डही बदला. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, म्हणजे घरचा पासवर्ड सांगावा लागत नाही. शेजारी मिळून एकच जोडणी वापरायची आणि पैसे वाटून घ्यायचे, ही पद्धत आपल्याकडे आपुलकीनं चालते. भावना मला कळते, पण कंपनीच्या अटींत ती सहसा बसत नाही आणि जबाबदारी मात्र नावावर असलेल्या माणसाची राहते.

नेट बंद पडलं की आधी दिवे बघा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला तर बाहेरून प्रकाशच येत नाही. तार दुमडली नाही ना एवढं पाहून सरळ तक्रार नोंदवा, डबा दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. दिवे हिरवे असूनही संथ असेल, तर लॅपटॉप वायरीनं जोडून वेग मोजा. वायरीवर पूर्ण वेग येतो आणि हवेत येत नाही, तर दोष घरातला. वायरीवरही येत नाही, तर कंपनीचा. हे मोजून फोन केलात तर ग्राहक सेवेवरचा माणूस तुम्हाला 'राउटर रीस्टार्ट करा' म्हणून परतवू शकत नाही. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनामूल्य दाद मागता येते, दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही तरतूद आहे.

त्या रविवारी ताईकडून निघताना मी शेजारची दोन दारं वाजवली. एकाचं वाय-फाय २.४ च्या ३ वर होतं, दुसऱ्याचं ९ वर. दोघांनीही हे कधी पाहिलेलं नव्हतं. जिन्यापाशी उभं राहून तिघांनी १, ६ आणि ११ वाटून घेतले. गणपतीत गेलो तेव्हा पोराचं लेक्चर चालू होतं, शेजारच्या आजी नातवाशी व्हिडिओवर बोलत होत्या, आणि ताईचा डबा घड्याळाशेजारी टांगलेला होता. नवा राउटर घ्यायला दुकानात जाण्याआधी तुमच्या मजल्यावरची दोन दारं वाजवून बघा.